डावखुऱ्यांची कचेरी

धाकटी माझ्या चिठ्ठ्या कापून द्यायला लागली तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. दुखणं जुनं होतं. चिठ्ठ्यांनी ते फक्त वर आलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, एकाच चुलीवरचं जेवतो आणि सरकारी दप्तरखान्याच्या एकाच खोलीत काम करतो. त्या खोलीत जुन्या सरकारी इमारतींची छापील चित्रं ठेवलेली आहेत. टांकसाळ, न्यायालय, टपालघर, खजिना, जकात कचेरी. छायाचित्रं निघायच्या आधीच्या काळात कारागीर तांब्याच्या पत्र्यावर बारीक कोरणीने इमारत कोरायचा, त्या रेषांत शाई भरायचा आणि ओल्या कागदावर दाबून छाप काढायचा. कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब अजून बोटाला लागतो. फाटलेल्या चित्राला पातळ कागदाचं ठिगळ खळीने लावायचं, तपकिरी डाग वाढू द्यायचे नाहीत आणि प्रत्येक चित्रात काय काय दिसतं ते एका कार्डावर लिहून ठेवायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं मी ते करते आहे. किती खांब, किती कमानी, खिडक्यांना झडपा आहेत की जाळी, पायऱ्या किती, सगळं भिंगाने मोजून लिहिलं आहे.

आणि माझा एक नेम होता. उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मौन. एका कठीण दुखण्यातून हे उठले, म्हणजे आमचे यजमान, तेव्हा मी देवाला हा नेम बोलले होते, त्याला चौदा वर्षं झाली. ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक. सकाळी काही सांगायचं असलं की मी चिठ्ठीवर लिहायची. दप्तरखान्याचा नियम असा की कामाची प्रत्येक चिठ्ठी, मग ती दोन शब्दांची का असेना, कोपऱ्यात तारीख आणि मजकुराआधी वेळ घालूनच लिहायची. त्यामुळे माझी चिठ्ठी अशी असे : “९.४०. खळ संपली.” मला सगळे चिठ्ठीताई म्हणतात. आमचा शिपाई तर म्हणतो, “सगळ्या खात्यात ह्या एकट्याच बाई, ज्यांचं सकाळचं बोलणं पुराव्यासकट मिळतं.” ह्या शिपायाचं टोपणनाव वारा. एवढ्यासाठी की तो कधीच वाहत नाही.

धाकटी तीन वर्षांपूर्वी आली. वास्तुशास्त्र शिकलेली, नकाशे काढणारी. तिची नेमणूक झाली तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं. माझ्या नोकरीच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, “बघ बाई, घरचं सांभाळून होत असेल तर कर.”

साहेबांनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. ती जागा माझी होती. “ताई, तुम्हाला ऊन लागतं ना दुपारी?” असं त्यांनी मला अकरा वाजता विचारलं. अकरा वाजता! मी काय बोलणार? मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाच ठरवता आलं नव्हतं, त्यांनी होकाराची धरली.

तिने काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती पडली गोड. मला “ताई, ताई” करायची. मौनाचं म्हणायची, “मला नाही बाई जमणार, मी तर झोपेतसुद्धा बोलते. विचारा तुमच्या दिरांना.” सगळे हसायचे. माझ्या नेमाचंही कौतुक शेवटी तिच्याच बोलण्याला मिळायचं.

आणि मग त्या चिठ्ठ्या. मी जुन्या लिफाफ्यांची पाठ टरकावून त्यावर लिहायची. एका सोमवारी माझ्या टेबलावर शंभरेक चिठ्ठ्यांची गड्डी, एकसारखी कापलेली, वर दोरा बांधलेला. “वाया गेलेले नकाशे होते, ताई. कशाला टरकावत बसता?” तेव्हापासून दर सोमवारी नवी गड्डी. मी हसून घेतली. मनात म्हटलं, आता माझ्या मौनावरसुद्धा हिची कात्री चालली.

मी देवासमोर बसते तेव्हा हे सगळं त्याला सांगत असे. म्हणजे तक्रार नाही करायची. म्हणायची, “तिचं भलं कर.” आणि हळूच पुढे जोडायची, “पण जरा सावकाश कर.”

यंदा सरकारने पुस्तक काढायचं ठरवलं. जुन्या इमारतींची दोनशे चित्रं, प्रत्येकाखाली माहिती. माहिती कोणाची? माझ्या कार्डांची. पहिल्या पानाचा कच्चा छाप आला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत धाकटीचं नाव होतं, संपादक म्हणून. माझं नाव शेवटच्या पानावर, साहाय्य केलेल्यांच्या यादीत, बांधणीवाल्याच्या खाली आणि वाऱ्याच्या वर. तेवढं एक समाधान.

घरी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, तिचं डोकं चालतं त्या कामात. तुझं आपलं पडद्यामागचं.”

“कार्डं माझी आहेत,” मी म्हटलं.

“हो, पण कार्डं काय, कोणीही लिहील.”

त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “धाकटीचा हात लागला की चव येते.” मी ताटातलं तसंच जेवले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, त्यात मिठाचं काय?

पुस्तकाबरोबर आणखी एक काम निघालं, ते जकात कचेरीचं. चौकापलीकडची ती जुनी दगडी इमारत आतून पार बदलून गेली आहे. मधल्या दालनात एक मोठी कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच गिलावा केलेली जाड भिंत. जुन्या कागदांत लिहिलं होतं की कमानीच्या एका बाजूला घड्याळाच्या मनोऱ्यावर जाणाऱ्या गोल जिन्याचं दार होतं, ते पुढे बुजवलं; तेच आता पुन्हा उघडायचं होतं. दुसऱ्या बाजूला कोरीव दगड होता : तराजू धरलेला एक हात आणि भोवती दोरखंडाची नक्षी. त्या इमारतीतलं बाकीचं सगळं कोरीवकाम केव्हाच उखडून गेलं आहे. गिलाव्याखाली राहिला असला तर हा एवढाच दगड राहिला असणार. पण दार कुठल्या बाजूला आणि दगड कुठल्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. गवंड्याने ठोकून पाहिलं, दोन्हीकडून आवाज सारखाच.

ते सांगणारं एकच चित्र होतं आणि ते आमच्याकडे होतं. धाकटीने ते साहेबांच्या टेबलावर पसरलं.

“हे बघा, दार उजवीकडे, कोरीव हात डावीकडे. उजवी भिंत फोडायची.”

साहेब सावध माणूस. म्हणाले, “पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं ना? हे उलटं तर नाही?”

“कारागीर पत्र्यावर मुळात उलटंच कोरतो, मग कागदावर सरळ येतं. शिवाय खालची ओळ बघा, ‘जकात कचेरीचे अंतर्दालन’. अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे चित्र सरळ.”

साहेब माझ्याकडे वळले. “चिठ्ठीताई, तुमचं काय?”

दुपारचे तीन वाजले होते, मला बोलता येत होतं. मलाही ते पटलं होतं. मी म्हटलं, “बरोबर आहे.” बुधवारी अकराला भिंत फोडायचं ठरलं.

बुधवारी सकाळी धाकटी परस्पर तिकडे गेली. साहेबही गेले. खोलीत मी एकटी, पुस्तकासाठी त्याच चित्राची माहिती उतरवत होते. माझं एकोणीस वर्षांपूर्वीचं कार्ड पुढ्यात. त्यावर माझ्याच कोवळ्या अक्षरात होतं : “मेजामागे कारकून. डावखुरा.” मी भिंगातून पाहिलं. खरंच, लेखणी डाव्या हातात. पुढची ओळ : “हमाल गाठोड्याला गाठ मारतो, दोरीचे टोक डाव्या हाती.” पहारेकऱ्याची तलवार उजव्या कमरेला, म्हणजे तोही डाव्या हाताने उपसणारा. आणि भिंतीवरच्या कोरीव दगडात तराजू धरलेला हात, तोही डावा.

मला आधी हसू आलं. काय ही डावखुऱ्यांची कचेरी! मग हसू थांबलं. एका दालनातले सगळेच डावखुरे कसे असतील?

हात धुवायच्या जागेवर एक छोटा आरसा खिळ्याला अडकवलेला आहे. मी तो काढून आणला आणि चित्राच्या कडेला उभा धरला. आरशात कारकून उजव्या हाताने लिहायला लागला. हमाल उजव्या हाताने गाठ मारायला लागला. तलवार आपल्या जागी गेली. तराजू उजव्या हातात आला, आणि जिन्याचं दार कमानीच्या डावीकडे गेलं.

खालची अक्षरं मात्र आरशात उलटी झाली. तेव्हा लक्षात आलं. चित्र कोरणारा आणि अक्षरं कोरणारा ही दोन वेगळी माणसं असायची, हे मी ह्याच खोलीत जुन्या कामगारांच्या याद्या लावताना वाचलं होतं. अक्षरवाल्याने आपलं काम नीट उलटं कोरलं. चित्रवाला चुकला. समोरचं रेखाटन त्याने पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं.

म्हणजे उजव्या भिंतीत दार नव्हतं. तिथे तो कोरीव हात होता, आणि अकरा वाजता त्याच्यावर घण पडणार होता.

मी गड्डीतली वरची चिठ्ठी घेतली आणि लिहिलं : “१०.२०. चित्र उलटे आहे. दार डावीकडे. उजवी भिंत फोडू नये.” घंटी वाजवली. वारा आला, दारात उभा राहिला.

चिठ्ठी माझ्या हातात होती. ती फक्त पुढे करायची होती.

त्या क्षणी मला पहिल्या पानावरचं ते मोठं नाव दिसलं. माझं खिडकीजवळचं टेबल दिसलं. शेजारच्या तीन घरांत जाऊन आलेल्या सासूबाई दिसल्या. आणि एक साधा विचार आला, फार शांतपणे आला, जसा प्रार्थनेत येतो तसा : एकदा चुकू दे ना तिला. सगळ्यांसमोर. नंतर मी आरसा घेऊन जाईन.

मी चिठ्ठी उलटी ठेवली आणि वाऱ्याला खळीचं रिकामं भांडं दाखवलं.

“खळ का? आणतो.” तो गेला. मी चिठ्ठी खणात टाकली.

मग मी जप करायला लागले. माझं मौन चाललंय, बारापर्यंत मला बोलता येत नाही, ह्यात माझा काय दोष, असं मी स्वतःला सांगितलं. पण चिठ्ठीला कुठे मौन होतं? चौदा वर्षं चिठ्ठीवर खळ मागितली, डिंक मागितला, एकदा तर वाऱ्याला “शर्टाचे बटण लावा” हेसुद्धा लिहून दिलं. आजच तेवढी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. जिभेला कुलूप आणि आत बाजार भरलेला. “आता साहेब तिच्याकडे कसे बघतील! आता सासूबाई काय म्हणतील!” ह्या मनातल्या मांड्यांनी जप केव्हा गिळला ते कळलंही नाही.

अकराला पाच कमी असताना मी पुढचं कार्ड घेतलं आणि टिपण करायला गड्डीतून दुसरी चिठ्ठी ओढली. दोरा सुटला आणि सगळी गड्डी टेबलावर पसरली. तेव्हा प्रथमच मला दिसलं की प्रत्येक चिठ्ठीचा वरचा उजवा कोपरा किंचित कापून गोल केलेला आहे. मागे एकदा जाड कागदाच्या टोकदार कोपऱ्याने माझं बोट कापलं होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळ होती, सांगणार कशी? तिने पाहिलं असणार. आणि दर आठवड्याला शंभर कोपरे ती बसून कापत होती.

मी उठले. आरसा घेतला, चित्र घेतलं नाही. छत्री, पिशवी, काही नाही. चौक ओलांडायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. वाटेत वारा खळीचं भांडं घेऊन सावकाश येत होता. “अहो ताई, कुठे?” मी थांबले नाही.

दालनात शिरले तेव्हा धूळ उठलेली होती. अकरा वाजून गेले होते. गवंड्याने घण पुन्हा डोक्यावर उचलला होता.

“थांबा!”

माझा आवाज मुळात बारीक. पण चौदा वर्षांत सकाळच्या वेळी कोणी तो ऐकला नव्हता. घण वरच राहिला. साहेबांच्या हातातला कप बशीवर कलला. धाकटी वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती, भिंतीची नव्हे, माझा आवाज ऐकून आलेली. तिला वाटलं, घरी काहीतरी झालं.

“चित्र उलटं आहे,” मी म्हटलं. “इथे हात आहे. तराजूचा.”

गवंड्याने घण खाली ठेवला आणि ब्रशने धूळ झाडली. पडलेल्या गिलाव्यामागे दोरखंडाची नक्षी होती. मधोमध एक दगडी हात, उजवा, तराजूची दांडी धरलेला. त्याची दोन बोटं खाली मातीत पडली होती.

मी आरशातला कारकून, हमाल, तलवार सगळं सांगितलं. अक्षरवाल्याचं सांगितलं. धाकटी ऐकत वाळूच्या ढिगावर बसली. मग उठली आणि साहेबांपुढे उभी राहिली.

“चूक माझी आहे. मी अक्षरांवर गेले, माणसांकडे पाहिलं नाही. ताईंनी वाचवलं, नाहीतर अख्खा दगड गेला असता.”

साहेब माझ्याकडे वळले. “मौन मोडून आलात, ताई! चौदा वर्षांचं!”

गवंडी म्हणाला, “बाईंनी आणखी एक घण उशीर केला असता, तर तराजू गेला होता.”

उशीर. त्याने तो शब्द साधेपणाने वापरला. मी आरसा पालथा करून पदराखाली धरला.

साहेबांनी त्याच दिवशी पहिलं पान बदलायला सांगितलं. आता दोन नावं येणार होती, सारख्याच अक्षरांत, माझं आधी. ही सूचना धाकटीची. घरी सासूबाईंनी मला स्वतः पाणी आणून दिलं. “मोठी माझी मुळातच देवभोळी,” त्या शेजारणीला दारातून सांगत होत्या, “पण वेळेला नेमसुद्धा बाजूला ठेवला!” हे म्हणाले, “कार्डं कामाला आली तुझी.” मला जे जे हवं होतं ते एका दिवसात ताटात वाढलं गेलं, आणि मी त्या ताटावरून तशीच उठले. त्या संध्याकाळी दिवा लावून बसले तर देवाकडे बघवेना. त्याला काय सांगायचं? त्याला वेळ ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. धाकटीने ती दोन दगडी बोटं टीपकागदावर ठेवली होती आणि बारीक ब्रशने त्यांची धूळ काढत होती. मी खण उघडला आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

तिने वाचली. पुन्हा वाचली. मग वर बघून म्हणाली, “दहा वीस? ताई, आपलं घड्याळ मागे पडतं ना? तेव्हा अकरा झाले असतील.”

तिने दार उघडून दिलं होतं. मी नुसतं “हो गं” म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“घड्याळ मंगळवारीच लावलं होतं,” मी म्हटलं. “बरोबर आहे वेळ.”

“मग वाऱ्याला का नाही दिलीत?”

“दारात उभा होता. त्याला खळ आणायला पाठवलं.”

“का?”

“तू चुकावीस म्हणून.”

तिने ब्रश खाली ठेवला. बाहेरून वाऱ्याचं खोकणं ऐकू आलं आणि गेलं. मग ती म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही सकाळी बोलत नाही म्हणून माझ्याशी बोलत नाही. दुपारीही बोलत नव्हतात, ते मी धरलंच नव्हतं.”

मी म्हटलं, “साहेबांना मी आजच सांगते. नाव काढायला लावते.”

“नाव राहू दे. उलटं चित्र तुम्हीच ओळखलंत, ते काही खोटं नाही.” ती उठली, कपाटातून जकात कचेरीच्या चित्राचं पाकीट काढलं, आणि चिठ्ठी सरळ करून त्यात ठेवली. “नियम आहे ना, चित्राची चिठ्ठी चित्राबरोबर. हिची जागा इथे.”

पन्नास वर्षांनी कोणी ते पाकीट उघडेल तेव्हा त्याला चिठ्ठीही मिळेल, वेळही मिळेल. भिंत किती वाजता फुटली ते दुसऱ्या कागदावर आहेच. मी साहेबांनाही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, “जा, कामाला लागा.” नावं आहेत तशीच छापली गेली. पुस्तक आलं तेव्हा मी पहिलं पान उघडून पाहिलं नाही.

माझं मौन आता घरीच, उठल्यावर, देवासमोरचा दिवा तेवेल तेवढा वेळ. ऑफिसात मी सकाळीही बोलते. पण आता सकाळी धाकटी बोलत नाही. काही लागलं तर बोलते, खळ, ब्रश, पाकिटाचा नंबर. “ताई” लावते अजून, पण पूर्वी दोनदा लावायची.

चिठ्ठी दाखवली त्याच्या पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर गड्डी नव्हती. असायला हवी असंही नव्हतं. बोलायला लागले तरी टिपणं असतातच, सवयीने मी एक जुना लिफाफा घेतला आणि त्याची पाठ टरकावली. कड वाकडीतिकडी आली. दुसरी टरकावली, तीही तशीच.

धाकटीने मान वर केली नाही. नकाशावरची तिची रेघ संपेपर्यंत थांबली, मग खिडकीजवळच्या टेबलावरून तिची कात्री माझ्याकडे सरकवली. मुठीची बाजू माझ्याकडे करून.